हवा खायला आलेले गावकरी

तळेगावची हवा चांगली आहे, ही माहिती यापुढे मला कोणी देऊ नये. गेली बावीस वर्षे मी तळेगाव दाभाड्यात राहतो. इथल्या एका मराठी शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो, रात्री कादंबऱ्या लिहितो आणि हवा चोवीस तास खातो. तिची चव मला ठाऊक आहे. तरी दर रविवारी पुण्याहून कोणी ना कोणी पाहुणे येतात, चहा घेतात, गच्चीवर जातात, भंडाऱ्याच्या डोंगराकडे तोंड करून छाती भरून श्वास घेतात आणि खाली येऊन म्हणतात, "तुमचं बरं आहे बुवा, मास्तर! काय हवा आहे! पुणं हाकेच्या अंतरावर, आणि पुण्याची कटकट नाही!" जणू काही ती हवा मी पहाटे उठून विहिरीतून शेंदून ठेवली होती!

पूर्वी हे पाहुणे संध्याकाळच्या लोकलने परत जात. हल्ली जात नाहीत. ते इथेच फ्लॅट घेतात. माझे भांडण आहे ते त्यांच्याशी. दिवाळीच्या फराळाला बसलेल्या माणसांपुढे भांडण काढू नये, हे मला कळते. पण वर्षभर ते माझ्या ओठांशी येऊन थांबले आहे. चकली खाता खाता ऐकून घ्यावे.

ते आले म्हणून मी भांडत नाही, हे आधी नीट ध्यानात घ्या. बाहेरच्यांनी येऊ नये असे म्हणणारा मी कोण? मीच मुळी बाहेरून आलेला. गावे वाढतात ती आलेल्या माणसांनीच. माझी तक्रार वेगळी आहे. ही मंडळी आली, पण पोहोचली नाहीत. सामान आले, कपाटे आली, कुत्रा आला; माणूस अजून यायचाच आहे.

शहराजवळच्या लहान गावात राहण्याची गोडी कशात असते? हवेत असते, असे जाहिरातवाले सांगतात. हवा खरीच चांगली आहे. आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर तळेगावला जाऊन राहायला सांगत, तो काळ फार जुना नाही. पण नुसत्या हवेवर माणूस किती दिवस राहील? आजार बरा झाला की रोगीसुद्धा आपापल्या गावी जात असत. हवेखेरीज दुसरे काहीतरी असल्यावाचून कोणी एखाद्या गावात जन्म काढत नाही.

ते दुसरे काय, ते सांगतो. संध्याकाळी स्टेशनवरून गावभागाकडे पायी निघालो, की मला घरी पोहोचायला पाऊण तास लागतो. रस्ता आहे वीस मिनिटांचा. वाण्याच्या दुकानाशी "मास्तर, आज उशीर?" शिंप्याकडे "तुमच्या मुलाची विजार तयार आहे, पण उंची वाढली असेल तर आत्ताच सांगा." औषधाच्या दुकानातला पोरगा माझा विद्यार्थी, तो मला न विचारताच सांगतो, "बाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, सर." आमच्या डॉक्टरांना माझ्या सासऱ्यांचा दमा कोणत्या महिन्यात उठायचा ते अजून पाठ आहे, सासरे जाऊन सात वर्षे झाली. शहरात माणूस हरवला तर पोलिसांत वर्दी द्यावी लागते. इथे हरवताच येत नाही. माझी एक मावशी याला "जाच" म्हणते, आणि तिचेही खरे आहे. आमच्या शेजारच्या मुलीने कोणाच्या गाडीवरून घरी यावे, याची चौकशी करणारे लोक गावात गरजेपेक्षा जास्त आहेत. या चौकशीचा मुलींना होणारा ताप मी जवळून पाहिलेला आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण ती चौकशी आणि मध्यरात्री दार ठोठावताच धावून येणारा शेजारी, ही एकाच झाडाची फळे आहेत. तुम्हांला आंबा हवा आणि कोय नको, तर डब्यातला रस आणा.

आणखी एक गोष्ट. हे गाव पुण्याच्या उशाशी आहे. पण ते पुण्याच्या उशीवर कधी झोपले नाही. पुण्यापासून सुमारे ३५ किलोमीटर. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची आगगाडी १८५८ साली सुरू झाली, तेव्हापासून पुण्याला जाणे-येणे सोपे झाले. अशा गावाने काय करावे? शहराची धर्मशाळा होऊन बसावे, हेच सोपे. तळेगावने तसे केले नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करण्याची जी चळवळ काढली, त्या पैसा फंडाचा काचेचा कारखाना १९०८ साली इथे उभा राहिला. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय, परक्या सरकारची नोकरी करणारे कारकून तयार न करणारी शाळा, इथेच भरत होते. १९१० साली इंग्रज सरकारने ते बंद पाडले. अहो, लहानशा गावातल्या एका शाळेची सरकारला भीती वाटावी! आजच्या कोणत्या 'इंटरनॅशनल' शाळेची कोणाला भीती वाटते? वाटतच असेल तर ती पालकांना, आणि तीसुद्धा फीच्या महिन्यात. पुढे गो. नी. दांडेकर इथे राहिले ते काही पुण्यात जागा मिळाली नाही म्हणून नव्हे. गड हिंडून आलेला तो माणूस इथल्या घरात बसून लिहीत असे. या सगळ्यांना हवा चांगली मिळालीच. पण हवा खायला म्हणून त्यांच्यापैकी कोणी आलेले नव्हते.

एबेनेझर हॉवर्ड नावाचा एक इंग्रज होऊन गेला. पार्लमेंटातली भाषणे लघुलिपीत टिपून घेणे, हा त्याचा पोटाचा धंदा. घरे बांधण्याच्या शास्त्राची पदवी त्याच्यापाशी नव्हती, आणि माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराला या गोष्टीचे फार समाधान वाटते. १८९८ साली त्याने एक पुस्तक लिहिले. लंडनची गर्दी आणि खेड्यांचे दारिद्र्य या दोहोंवर एकच उपाय त्याने सुचवला: शहरापासून दूर, पण रेल्वेने जोडलेली लहान गावे वसवा. प्रत्येकाला सहा हजार एकर जमीन. पैकी एक हजार एकरांवर गाव, बाकी शेती. वस्ती बत्तीस हजारांवर जाऊ द्यायची नाही. कारखाने गावातच, बाजार गावातच. आणि जमीन एकट्यादुकट्याची नव्हे, सगळ्यांची, म्हणजे तिची किंमत वाढली की फायदा गावाच्या तिजोरीत यावा. १९०३ साली लेचवर्थ येथे असे पहिले गाव वसायला लागले. हे 'उद्याननगर' जगभर गाजले, आणि जगभरच्या घरे बांधून विकणाऱ्यांनी त्यातले नेमके उद्यान तेवढे उचलले. काम, बाजार, सगळ्यांची जमीन ही अडचणीची अक्षरे त्यांनी खोडून टाकली. आज आमच्या गावाच्या कडेने जे फलक लागले आहेत, त्यांवर कारंजे आहे, हिरवळ आहे, हिरवळीवर धावणारे एक हसरे पोर आहे. ते पोर कोणत्या शाळेत जाते आणि त्याचा बाप काय काम करतो, ते फलकावर लिहिलेले नसते.

मी लिहितो. बाप पहाटे हिंजवडीला जातो, नाहीतर चाकणला. चाकणच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत तो जितका वेळ उभा असतो, तितक्या वेळात माझ्या दोन तासिका होतात. पोर पिवळ्या बसमध्ये बसून दूरच्या शाळेत जाते. भाजी मोबाईलवर मागवलेली येते. पाणी टँकरचे. डॉक्टर चिंचवडचा. दिवाळीची खरेदी पुण्याची. गणपती फाटकाच्या आत बसतो, फाटकाच्या आत नाचतो आणि फाटकाच्या आतल्या हौदात बुडतो. मतदार यादीतले नाव पुण्यातच राहिलेले असते. म्हणजे खड्डा इथला आणि मत तिथले. रात्री नऊ वाजता गाडी परत येते, पहारेकरी सलाम ठोकतो, फाटक मिटते. मग हा गृहस्थ गच्चीवर जाऊन छाती भरून श्वास घेतो आणि पुण्याच्या मित्राला फोनवर सांगतो, "आम्ही आता गावातच राहतो!"

मध्यंतरी एका चित्रकलेच्या स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावले होते. अनेक शाळांची मुले होती. विषय होता 'माझे गाव'. कागद पाहता पाहता मी थक्क झालो. कागदामागून कागद: उंच इमारत, फाटक, निळा पोहण्याचा तलाव, पट्ट्यांची मोटार. एका मुलाने टोलनाका काढला होता. गाड्यांची रांग इतकी हुबेहूब, की मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. मग मी त्याला विचारले, "बाळ, यात तळं कुठं आहे रे?" तो म्हणाला, "कुठलं तळं, सर?"

ज्या गावाच्या नावातच तळे आहे, त्या गावात हे पोर पाच वर्षे राहत होते. १७७९ सालच्या जानेवारीत मुंबईची इंग्रज फौज पुणे घ्यायला निघाली ती तळेगावपर्यंत आली. मराठ्यांनी गाव आधीच जाळून ओसाड केले होते. दाणा नाही, वैरण नाही. दोन दिवसांत फौजेने पाय मागे घेतला, आणि जड तोफा ओढवेनात म्हणून त्या इथल्या तळ्यात ढकलून दिल्या. पुढे वडगावला ती शरण आली. नऊ वर्षांच्या मुलाला सांगायला याहून चांगली गोष्ट कोणती असेल? पण ती सांगणार कोण? आईला ठाऊक नाही, बाप रस्त्यात आहे, शाळा दुसऱ्याच गावात आहे. मुलाकडे बोट दाखवू नका. त्याने त्याला दिसले ते प्रामाणिकपणे काढले.

यावर मला नेहमी सांगतात, "मास्तर, नोकऱ्या तिकडे आहेत. आम्ही काय करावं?" उत्तर सोपे आहे. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली. तेव्हापासून, आणि त्याआधी साध्या पॅसेंजरने, तळेगावची माणसे पिंपरीला, खडकीला, शिवाजीनगरला कामाला जात आली आहेत. जाण्याबद्दल कोण बोलतो आहे? ती माणसे संध्याकाळी परत येत तेव्हा परतच येत. त्यांतला एक जण वाचनालयाचा चिटणीस होई, एक शाळेच्या स्नेहसंमेलनाचे नाटक बसवी, एक डोळसनाथाच्या यात्रेचा हिशेब ठेवी आणि त्यावरून तीन वर्षे भांडण चाले. भांडणसुद्धा गावातच चाले. आजच्या गृहस्थाला माझे एवढेच विचारणे आहे की, गेल्या वर्षभरात तुमचे या गावात कोणाशी भांडण झाले काय? तुमच्या संकुलाच्या पार्किंगवरचे सोडून द्या. नसेल झाले तर तुम्ही इथे राहत नाही, फक्त झोपता.

दुसरे सांगतात ते शाळेबद्दल. "मराठी शाळेचा दर्जा राहिला नाही हो." हे ऐकले की माझ्या कानशिलांतून वाफ निघते. ज्या शाळेत डॉक्टरचा, वाण्याचा, शिपायाचा आणि शेतकऱ्याचा मुलगा एका बाकावर बसत होता, तिथून आधी डॉक्टरने मुलगा काढला, मग वाण्याने काढला. उरलेल्या मुलांच्या आईबापांना फाटके छप्पर दिसत नाही असे नाही; त्यांच्या अर्जाकडे कोणी पाहत नाही. मग छप्पर गळते, मग तुकडी बंद होते, आणि मग डॉक्टर म्हणतो, "पाहा, मी म्हणालो नव्हतो?" म्हणजे आधी खाट रिकामी करायची आणि मग म्हणायचे की या खाटेवर कोणी निजत नाही. आमच्या शाळेत मी रुजू झालो तेव्हा पाचवीच्या तीन तुकड्या होत्या. आज एक आहे, आणि याच काळात गाव केवढे वाढले! २०११ च्या शिरगणतीतच वस्ती छप्पन्न हजारांवर गेलेली होती. त्यानंतर उठलेल्या इमारती कोणी मोजायच्या? माणसे दुप्पट आणि बाके रिकामी, हे गणित माझ्या फळ्यावर सुटत नाही.

आता जुन्या गावकऱ्यांना वाटेल की मास्तर आपल्या बाजूने बोलतो आहे. त्यांनी गैरसमज करून घेऊ नये. भाताची खाचरे विकली कोणी? द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला, भाव चढले, आणि इंद्रायणी तांदळाच्या वासाने ज्या घराची ओळख पटायची, त्या घराने तीन मजले चढवले, दारात काळी गाडी उभी केली आणि नातवाला त्याच पिवळ्या बसमध्ये बसवले. नवे लोक फाटकाच्या आत राहतात म्हणून जुने लोक कुरकुरतात. पण फाटकाची जमीन त्यांनीच दिली आणि पहारेकऱ्याची नोकरी त्यांच्याच पुतण्याने धरली. शेतकऱ्याने जमीन विकू नये, असे मी म्हणणार नाही. तोट्यातली शेती करून बघा म्हणजे कळेल. पण विकून आलेल्या पैशातला एक रुपयासुद्धा गावच्या वाचनालयाकडे वळू नये? पैसा फंडाच्या गावात?

आणि पाण्याचे काय? "धरणं उशाला आहेत, पाण्याला काय तोटा," असे फ्लॅट विकणारे सांगतात. मावळची धरणे कोणाच्या जमिनी बुडवून झाली, हे ते सांगत नाहीत. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. गोळीबार झाला, तीन जीव गेले. सणाच्या दिवशी ही आठवण काढू नये, असे घरात मला सांगण्यात आले होते. पण ज्या रस्त्याने तुम्ही आमच्या गावात राहायला येता, तो रस्ता तो आहे. निदान एवढे तुम्हांला माहीत असावे.

पिंपरी आणि चिंचवड हीसुद्धा अशीच शहराजवळची लहान गावे होती. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना आला, मग कारखान्यांची रांग लागली. १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. गावपण गेले, याची हळहळ मला वाटते. पण त्या गावांना निदान काम मिळाले. माणसे तिथेच राबली, तिथेच राहिली, तिथेच त्यांनी संप केले आणि नाटके बसवली. आमचे नशीब त्याहून विचित्र. आमच्या औद्योगिक वसाहतीत जनरल मोटर्सचा मोठा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस त्यातले उत्पादन थांबले. २०२३ साली तो ह्युंदाईने घेण्याचा करार केला. मधल्या काळात ज्या घरांचा पगार बंद पडला, त्यांची उधारीची वही गावातल्या वाण्याने बंद केली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मोबाईलमधले दुकान फार झटपट सामान आणून देते, मान्य; पण "राहू द्या वहिनी, पुढच्या महिन्यात बघू," एवढे वाक्य त्याला बोलता येत नाही. आणि गंमत पाहा, ज्या वाण्याने ती वही चालू ठेवली, त्याच्याकडे नव्या इमारतींतले गिऱ्हाईक जात नाही, म्हणून तो दुकान विकायच्या विचारात आहे. तो गेला म्हणजे पुढच्या खेपेला पगार बंद पडलेल्या घराने कोणाकडे जावे?

माझ्या एका मावसभावाने गेल्या वर्षी इथे फ्लॅट घेतला. मी त्याला हे सगळे ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "अरे, मी शांततेसाठी आलो. तू मला समित्यांवर बसायला सांगतोस!" मी म्हटले, "शांतता हवी असेल तर पुण्यातच राहा. तिथं तुला कोणी ओळखत नाही." तो रागावला. वहिनी मात्र ऐकत होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्या मंगळवारी वाचनालयात गेल्या आणि वर्गणी भरून आल्या. आता तिथल्या दोन म्हाताऱ्यांशी त्यांचे जोरात बिनसले आहे. जुन्या कादंबऱ्यांची बांधणी करायची की नव्या आणायच्या, यावरून. मला पक्षात ओढण्याचा त्यांचा प्रयत्न चालू आहे, आणि मी स्वतः कादंबरीकार असल्यामुळे माझी पंचाईत झाली आहे. मावसभाऊ सांगत होता, हल्ली तिला घरी यायला स्टेशनवरून पाऊण तास लागतो.

आमची शाळा दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडेल. पाचवीच्या एकुलत्या एका तुकडीत अजून अकरा मुलांची जागा आहे. वर्षाच्या मध्येसुद्धा दाखला घेऊन येता येते. मुख्याध्यापक कुरकुरतील, पण घेतील. चित्रकलेचा तास बुधवारी आणि शनिवारी असतो. शनिवारी, ऊन उतरले की, मी मुलांना तळ्यावर नेतो.